पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावर मणिबेली हे गाव आहे. निवडणूक आली की राज्याला या गावाची आठवण होते. महाराष्ट्रातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ अक्कलकुव्याचा आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीचं. यंत्रं घेऊन कर्मचारी बार्जमधून येतात, त्यांचे फोटो छापून येतात. सरदार सरोवराच्या पाण्यानं बाधित झालेल्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी हे पहिलं. 1993 च्या पावसाळ्यात इथली घरं पाण्याखाली गेली. मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देऊ नये असा जाहीरनामा 1994 साली जगभरच्या संघटनांनी काढला, तोही मणिबेलीच्याच नावानं ओळखला जातो.

इतकं नाव झालेल्या या पट्ट्यात आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवणं मात्र सोपं झालेलं नाही. डोंगरातल्या पाड्यावरून झोळीत घालून खाली काठाला आणायचं, मग होडी शोधायची, मग पलीकडे गाडी मिळते का ते पाहायचं. वर्तमानपत्रांनी या झोळीला 'बांबूलन्स' असं नावही देऊन टाकलं आहे.

मी या काठावरच्या माणसांचे अर्ज लिहून देते. कधी न मिळालेल्या जमिनीचा, कधी यादीतून सुटलेल्या मुलाचा, कधी बंद उपकेंद्राचा. कोणता अर्ज चालतो आणि कोणता फायलीत पडून राहतो, हे वर्षानुवर्षं पाहून जे कळलं ते इथे मांडते आहे.

1. आधी मनाशी पक्कं करा: आपण हक्क सांगतो आहोत

"साहेबांनी गरिबांवर दया करून लक्ष द्यावे" हे वाक्य आमच्याकडच्या जुन्या अर्जांत हमखास सापडतं. ते आधी खोडा. दया करायची की नाही हे साहेबांच्या मनावर असतं. हक्क कोणाच्या मर्जीवर नसतो.

नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा 1979 चा आहे. ज्या कुटुंबाची 25 टक्क्यांहून जास्त जमीन बुडितात जाते, त्याला किमान 2 हेक्टर सिंचनाखालची जमीन मिळायची आहे. वयात आलेला मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायचा आहे. पुनर्वसनाच्या वसाहतीत काय काय असलं पाहिजे याची यादीही त्याच निवाड्यात आहे. दर 100 कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, दर 50 कुटुंबांमागे विहीर आणि दर 500 कुटुंबांमागे एक दवाखाना. म्हणजे वसाहतीतला दवाखाना जमिनीइतकाच मोबदल्याचा भाग आहे. वसाहतीत न जाता मूळगावातच राहिलेल्या बाईलाही आधार आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून लागू आहे. त्याप्रमाणे सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, जेवण आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची ने-आण मोफत आहे.

अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हा आधार लिहा. कलम पाठ नसेल तर नुसतं निवाड्याचं किंवा योजनेचं नाव पुरतं. अर्जदाराला नियम माहीत आहे एवढं वाचणाऱ्याला कळलं की उत्तराची भाषा बदलते.

2. एका अर्जात एकच तक्रार

रस्ता, रेशन, शाळा, दवाखाना, जमीन असं सगळं एका कागदावर लिहून आणलं की माणसाला मन मोकळं झाल्यासारखं वाटतं. कार्यालयात मात्र तो कागद कोणाच्याच टेबलाचा राहत नाही. प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एक नेहमीचा अर्ज पाहा: "आमच्या पाड्यावर आरोग्याची सोय नाही, नर्सबाई येत नाहीत, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." याला "संबंधितांना सूचना दिल्या आहेत" असं एका ओळीचं उत्तर मिळतं आणि फाइल बंद होते.

आता हाच मजकूर असा लिहा: "आमच्या पाड्यावर एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत लसीकरणाचं सत्र झालेलं नाही. पाड्यावर दोन वर्षांखालची अमुक इतकी बालकं आहेत, यादी सोबत जोडली आहे. मागणी: 1. येत्या पंधरा दिवसांत सत्र घ्यावं. 2. पुढच्या सहा महिन्यांच्या सत्रांच्या तारखा लेखी कळवाव्यात. 3. सत्रं का झाली नाहीत याचा लेखी खुलासा द्यावा." यात कधी, कुठे, कोणाचं आणि काय हवं हे चारही आहे. 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे काय ते आपणच ठरवून दिलं की दुसऱ्याला ते ठरवायला जागा राहत नाही.

3. दार बरोबर निवडा

आपल्या लोकांचे निम्मे हेलपाटे चुकीच्या दारात जातात. त्यात त्यांचा दोष नाही, पाट्या सगळ्यांवर 'आरोग्य' असंच लिहिलेलं असतं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. त्याची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या आरोग्य विभागाचं, त्याची तक्रार जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे लोक ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतात त्यांच्याकडे. अंगणवाडीतला आहार महिला व बालविकासाकडे. आश्रमशाळेतल्या आजारी मुलाचा प्रश्न एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे.

मणिबेलीसारख्या गावाला आणखी एक अडचण आहे. गाव धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला, गुजरातच्या हद्दीला लागून. गुजरातमधलं केवडिया जवळ, आपल्याच तालुक्याचं अक्कलकुवा लांब. गावातली काही कुटुंबं गुजरातमध्ये परवेट्याला वसवली गेली, काही मूळगावातच डोंगरावर सरकली. परवेट्यातल्या वसाहतीची तक्रार गुजरातच्या पुनर्वसन यंत्रणेकडे जाते, मूळगावातली नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. एका भावाचा अर्ज एका राज्यात आणि दुसऱ्याचा दुसऱ्या राज्यात, अशी घरं इथे आहेत. अशा वेळी मूळ अर्ज ज्यांचं काम आहे त्यांना द्या आणि खाली "प्रत माहितीस्तव" म्हणून वरच्या दोन कार्यालयांची नावं घाला. त्या प्रती खरोखर पाठवा.

4. पोच हाच अर्ज

दिलेल्या अर्जाची पोच हातात नसेल तर सरकारदरबारी तो अर्ज दिलेलाच नाही. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

एका कार्यालयात आमच्याबरोबर आलेले एक म्हातारे काका आवक खिडकीपाशी उभे होते. आतून आवाज आला, "ठेवून जा, साहेब मीटिंगला गेलेत, आले की देतो." काकांनी दुसरी प्रत पुढे सरकवली. "शिक्का मारा भाऊ, मग ठेवतो." "अहो, साहेबांची सही लागते." "साहेबांची नको, तुमची चालंल." काका हटले नाहीत. शेवटी कारकुनानं रजिस्टर ओढलं, आवक क्रमांक टाकला, गोल शिक्का मारला, तारीख घातली, खाली आद्याक्षरं केली. काकांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद उजेडात धरून शिक्का उमटलाय का ते पाहिलं, घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. पुढे त्याच क्रमांकावर त्यांचा सगळा पाठपुरावा उभा राहिला.

पोच देत नसतील तर वाद घालू नका. टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार केली तर नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घ्या, मोबाइलमधला मेसेज पुसला जातो.

5. मुदत ओळखा आणि दिवस मोजा

"बघू, करू" याला मुदत नसते, कायद्याला असते. महाराष्ट्रात लोक ज्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात, तो 2005 चा आहे. सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसलेल्या प्रकरणाचा निर्णय 45 दिवसांत व्हायला हवा. दाखल्यांसारख्या सेवांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात प्रत्येक सेवेचे दिवस ठरलेले असतात, विनाकारण उशीर करणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

घरातल्या कॅलेंडरवर अर्जाची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख, दोन्हींवर खूण करा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र गेलं पाहिजे. त्यात रागाचे शब्द नकोत. आवक क्रमांक, तारीख, कायद्याचं नाव आणि "अद्याप उत्तर नाही" एवढं बास.

6. आधी माहिती काढा, मग तक्रार करा

माहितीचा अधिकार हे तक्रारीचं पहिलं पाऊल आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवायचा. उत्तराची मुदत 30 दिवस. प्रश्न जीविताचा असेल तर 48 तास, आणि दवाखान्याच्या बाबतीत तो अनेकदा असतो. तसं अर्जात कारणासह लिहा. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

'का' विचारू नका, नोंदी मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती. औषधांचं साठा रजिस्टर. वाहनाचं लॉगबुक. डिझेलची बिलं. प्रत्यक्ष जाऊन कागद पाहण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, तो लोक फार कमी वापरतात. एका आरोग्य केंद्राची गाडी "नादुरुस्त" असल्याचं आम्हाला तोंडी सांगितलं जात होतं. आम्ही लॉगबुक पाहायला मागितलं. ज्या आठवड्यात ती नादुरुस्त असल्याचा शेरा होता, त्याच आठवड्यात तिच्या नावानं डिझेल भरल्याची नोंद समोरच्या पानावर होती. आम्ही आरोप केला नाही. दोन्ही पानांच्या प्रती घेतल्या, तारखांखाली रेघ ओढली आणि "याचा खुलासा व्हावा" एवढं एकच वाक्य लिहिलं. गाडी रस्त्यावर आली.

7. कागद बुडाले तरी पुरावा बुडत नाही

पुनर्वसनाच्या अर्जात सगळ्यांत अवघड भाग पुराव्याचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या नेवाड, म्हणजे वनखात्याच्या नोंदीतल्या, जमिनीचा सातबारा मुळात नव्हताच, आणि जे कागद घरात होते ते घराबरोबर गेले. म्हणून किती तरी कुटुंबं अघोषित राहिली, प्रकल्पबाधितांच्या यादीत आलीच नाहीत. न्यायमूर्ती दाऊद समितीनं 2001 साली पाहणी केली, तेव्हा पुनर्वसन पुरं झालेलं नाही हे सरकारी समितीच्याच अहवालात आलं.

पुरावा बाहेरून गोळा करा. जुनी मतदार यादी, वडिलांच्या नावाचं रेशनकार्ड, शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरातली मुलाची जन्मतारीख, घराचा पंचनामा, जनगणनेची किंवा पाहणीची जुनी यादी. वनखात्यानं अतिक्रमणाबद्दल दंड केला असेल तर ती पावतीही जपा. आजोबांनी शिक्षा म्हणून भरलेल्या त्या दंडाची पावती त्या वर्षी ती जमीन तेच कसत होते हे सांगते. वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून मानला आहे. ज्यांना जुन्या सीमा आठवतात त्यांचे जबाब ती माणसं आहेत तोवर लिहून घ्या, हे काम पुढे ढकलू नका.

मुलगा कोणत्या तारखेला वयात आला यावर त्याचा 2 हेक्टरांचा हक्क ठरतो. त्यामुळे जन्मतारखेचा कागद मिळवण्यासाठी जेवढे श्रम लागतील तेवढे करा.

8. तक्रार पदाची करा, माणसाची नको

पाड्यावर येणारी सिस्टर एकटी असते. तिच्याकडे अनेक पाडे असतात, होडी तिलाही वेळेवर मिळत नाही, आणि शेजारच्या उपकेंद्राचा भारही तिच्यावर असतो. तिच्या नावानं तक्रार गेली की तिला नोटीस येते, बदली होते, आणि पाड्यावर येणारं तेवढंही कोणी उरत नाही. तिच्याशी बोला. कोणतं पद किती काळ रिक्त आहे, होडीच्या डिझेलचे पैसे कुठे अडले आहेत, हे तिला नेमकं माहीत असतं. ते लिहा.

याला अपवाद आहे. पैसे मागितले, जातीवरून हिणवलं, अडलेल्या बाईला दारातून परत पाठवलं, तर घटना, वेळ आणि पद स्पष्ट लिहून तक्रार करायची आणि तिथे भीड धरायची नाही.

9. एकट्याचा अर्ज अडतो, गावाची नोंद अडवता येत नाही

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात नंदुरबार होता. गावानं बसून आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं. लसीकरण, नर्सची भेट, औषधं, गाडी, प्रत्येकाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचं. ज्यांना अक्षर ओळखता येत नाही त्या बायाही लाल रंग कशाला द्यायचा हे ठामपणे सांगत. ती पद्धत आजही कोणतंही गाव स्वतःहून वापरू शकतं, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

आपला भाग पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो. ग्रामसभेचा ठराव करा, तारीख, ठराव क्रमांक आणि सह्या-अंगठे घ्या, ठरावाची प्रत अर्जाला जोडा. मात्र लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांची गाऱ्हाणी समोर ऐकतात त्या दिवशी, सामूहिक तक्रार चालत नाही, तिथे वैयक्तिक गाऱ्हाणंच घेतात आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आधी तालुक्याचा लोकशाही दिन, तिथे न सुटलं तर जिल्ह्याचा. म्हणून गावाचा ठराव आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवायचा आणि त्याच वेळी ज्या घराचं नुकसान झालं त्यानं लोकशाही दिनात आपला अर्ज लावायचा. दोन्ही एकदम चालू द्या.

10. पावसाचा अर्ज उन्हाळ्यात

जुलैत पाणी चढलं, पायवाट गेली, मग अर्ज केला तर तो पोहोचेपर्यंत दसरा येतो. नवसंजीवन योजनेत आदिवासी भागासाठी पावसाळ्यापूर्वीची तयारी ठरवून दिलेली आहे: धान्य आधी पोहोचवणं, औषधांचा साठा, साथीच्या गावांची यादी. त्याचं नियोजन होण्याआधी, मार्च-एप्रिलमध्येच गावानं लिहून द्यावं की पावसाळ्यात कोणते पाडे तुटतात, कोणत्या बाया कोणत्या महिन्यात बाळंत होणार आहेत, तरंगता दवाखाना कोणत्या घाटाला कोणत्या वारी थांबायला हवा, विंचू-सर्पदंशावरचं औषध सगळ्यांत जवळ कुठे ठेवायचं. आशाताईकडे ही सगळी माहिती असते. तिच्या वहीवरून एका संध्याकाळी हा अर्ज तयार होतो.

11. 'निकाली' असा शेरा आला म्हणजे संपलं नाही

उत्तर येतं: "सदर प्रकरणी तपासणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." खचू नका. तपासणी कोणी, कधी, कुठे केली, कोणाचे जबाब घेतले, त्याचा अहवाल मागा. पाड्यावर कोणी आलंच नसेल तर अहवालातल्या तारखेला गावानं काय पाहिलं ते लेखी कळवा आणि वरच्या पायरीवर जा.

वरच्या पायऱ्या लोकांच्या झगड्यातूनच आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयात 1994 साली नर्मदा बचाव आंदोलनाची धरणाविरुद्धची याचिका गेली. 18 ऑक्टोबर 2000 च्या निकालानं धरणाचं काम पुढे जाऊ दिलं, त्याचं दुःख या काठाला आजही आहे. पण त्याच निकालानं उंची वाढवण्याआधी राज्यांच्या तक्रार निवारण प्राधिकरणांशी सल्लामसलत बंधनकारक केली. एखाद्या पाड्यावरच्या कुटुंबाचा प्रलंबित अर्ज धरणाच्या उंचीच्या निर्णयात मोजला जाऊ लागला. 15 मार्च 2005 च्या निकालानं तर सांगितलं की, कायम बुडित आणि तात्पुरतं बुडित असा भेद करून जमीन नाकारता येणार नाही. धरण 138.68 मीटरवर पोहोचलं, 2017 साली त्याचं लोकार्पणही झालं. हक्क मात्र त्या तारखेला संपले नाहीत, आणि ज्यांचे अर्ज नोंदीत होते त्यांना ते पुढेही मांडता आले.

12. लिहिणारे हात गावातच हवेत

जीवनशाळांतून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आज या काठावर आहेत. 1990 च्या दशकात आंदोलनानं त्या शाळा सुरू केल्या, कारण सरकारी शाळा कागदावरच भरत होत्या. प्रत्येक गावातल्या दोघांनी, त्यात एक मुलगी हवीच, अर्ज लिहायला, पोच घ्यायला आणि फाइल ठेवायला शिकावं. एक वही करा: अर्ज कोणाचा, कशाबद्दल, कुठे दिला, आवक क्रमांक, मुदत, उत्तर. बाहेरचा कार्यकर्ता आज आहे, उद्या नसेल. वही गावात राहील.

ही रीत फक्त नर्मदाकाठाची नाही. पेन्शन अडलेला माजी सैनिक, निराधार अनुदानासाठी थांबलेली विधवा, घरासाठी अर्ज केलेला गिरणी कामगार, सगळ्यांना हाच मार्ग चालावा लागतो.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेलच. या आठवड्यात त्यांच्याकडे जा, त्यांचे कागद क्रमानं लावा, एका तक्रारीचा एक अर्ज लिहून द्या आणि तो द्यायला त्यांच्याबरोबर कार्यालयात जा. शिक्का उमटेपर्यंत तिथून हलू नका.